गोणपाटाचं झाकण : जून ते डिसेंबर २०२४च्या नोंदी

१६ जून

मासेमारीची बंदी १ जूनपासून सुरू झाली आणि होड्या वर ओढल्या गेल्या. होड्यांचं फायबरचं काम करणाऱ्या आमच्या शेडचे हे दोन महिने कमाईचे. त्यातच हे खूळ डोक्यात घेतलंय. एका होडीवाल्या काकांना बर्फाच्या खणाची नवी झाकणं हवी आहेत. माप ३ फूट बाय २ फूट, दोन इंचाची कडा खाली वळवलेली. साचा तयार आहे. ठरवलं की एक झाकण नेहमीच्या काचेच्या मॅटचं (काचेच्या धाग्यांची चटई, म्हणजे आपलं फायबर) करायचं, एक तागाच्या गोणपाटाचं, आणि दोन्हींचा सगळा हिशेब लिहायचा: वजन, रेझिन (धाग्यावर ओततात तो, मग कडक होणारा चिकट द्रव), वीज, पैसे, उरलेला कचरा.

कारण साधं आहे. दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी येतं आणि म्हणतं, "फायबर सोडा, नैसर्गिक धागा वापरा, पर्यावरणाला चांगला." असेलही. पण शेडच्या मागे वीस वर्षांचा काचेचा भुसा पडलाय, त्याच्याकडे बघत मी आजवर नुसती मान हलवत आलो. एकदा वजनकाट्यावर घालून बघू.

१८ जून

काचेचं झाकण. हात बसलेलं काम, म्हणून थोडक्यात. ४५०ची मॅट (चौरस मीटरला ४५० ग्रॅम), तीन थर, मिळून १ किलो १० ग्रॅम. पॉलिस्टर रेझिन २ किलो ३३० ग्रॅम, जेलकोट (वरचा गुळगुळीत थर) ४५० ग्रॅम. कडा कापून झाकण भरलं ३ किलो ५६० ग्रॅम, जाडी ३ मिलिमीटर. माल सव्वासातशे रुपयांचा. वेळ एक सकाळ. मदतनीस पोरगा दुपारभर हात खाजवत बसला होता, तोही हिशेबात धरायला हवा.

२१ जून

गोणपाट. बाजारातून नवं कोरं कापड आणलं, मीटरमागे ३०० ग्रॅमच्या आसपासचं. चार थर कापले आणि काचेसारखेच घातले. तासाभरात फेस आल्यासारखे बुडबुडे. संध्याकाळपर्यंत वरून चिकट. दुसऱ्या दिवशी सकाळीही बोट लावलं की ठसा उठतो.

हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) कमी पडला असेल म्हणून पोरग्यावर ओरडलो. त्याची चूक नव्हती.

२३ जून

चूक पावसाची, आणि माझी. उरलेल्या कापडातून झाकणाला लागेल तेवढं, म्हणजे चार थरांचं, काट्यावर ठेवलं: १ किलो ५० ग्रॅम. हीटरपुढे वाळवून परत ठेवलं: ९०० ग्रॅम. म्हणजे दीडशे ग्रॅम पाणी मी रेझिनच्या आत कोंडलं होतं. ताग हवेतलं पाणी ओढतो हे माहीत होतं. व्यापारातसुद्धा त्याची ठरलेली ओल पावणेचौदा टक्के धरतात. पण कोकणातल्या आषाढाच्या तोंडावर हा आकडा कुठे जातो ते पहिल्यांदा पाहिलं. काचेची मॅट असं काही करत नाही, त्यामुळे सवयच नव्हती.

झाकण वाया. रेझिन ३ किलो, कापड, जेलकोट, मिळून आठशे रुपये गेले. आणि पर्यावरणाचं खातं उघडायच्या आधीच त्यात एक अख्खं झाकण कचऱ्याचं.

२७ जून

या वेळी कापड दोन किलोवॉटच्या हीटरपुढे सहा तास टांगलं. रेझिन नीट सुकलं, बुडबुडे नाहीत, मी खूश. कडा कापायला ग्राइंडर लावला आणि थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटले. मधल्या थराला रेझिन चिकटलंच नव्हतं, नुसतं भोवती गोठलं होतं.

कापडाला नाक लावलं तर रॉकेलसारखा वास. एका जुन्या दोर-सुतळीच्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, गिरणीत ताग मऊ करायला खनिज तेल मारतात, वासच सांगतो. म्हणजे मी ज्याला "नैसर्गिक" म्हणून घरी आणलं त्याच्या अंगावर आधीच पेट्रोलियम होतं. धान्याच्या, कॉफीच्या, कोकोच्या पोत्यांसाठी वनस्पती तेल मारलेला ताग वेगळा मिळतो. मला तो ठाऊक नव्हता.

हीटरचा हिशेबही याच पानावर. १२ युनिट जळले. आपल्याकडच्या ग्रिडच्या विजेला युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे आठ किलोंहून जास्त. एका झाकणाचं कापड वाळवायला! हा आकडा पाहिल्यावर हीटर कपाटात गेला.

३० जून

तेल काढायला कॉस्टिक सोडा. पाच टक्क्यांचं पाणी: २० लिटरला एक किलो. हातमोजे आणि चष्मा घालूनच. कापड दोन तास बुडवलं. पाणी काळ्या चहासारखं झालं, कापड मऊ आणि जरा आकसलेलं. मग धुणं: एक पाणी, दोन, पाच. पाचव्या पाण्यालाही हाताला बुळबुळीत लागत होतं, शेवटी थोडं व्हिनेगर घातलं.

आता हे वीस लिटर काळं पाणी ओतायचं कुठे? शेडच्या मागे माड आहेत, पलीकडे खाडी. आई म्हणाली, माझ्या माडांच्या बुडात एक थेंब नको. ड्रममध्ये भरून ठेवलंय. काचेच्या कामात मला अॅसिटोन सोडून दुसरं घाण पाणी कधी निघालं नाही, हे लिहून ठेवायलाच हवं.

२ जुलै

दुसरा मार्ग सापडला आणि तो पहिल्यापेक्षा स्वस्त आहे. जवळच्या काजू कारखान्यातून रिकामी पोती आणली, पंधरा रुपयांना एक. यांना रॉकेलचा वास नाही. कढत पाण्यात कपड्याच्या पावडरने धुतली, दोनदा खळबळली. शिवण उसवून सपाट केली. काही पोत्यांवर काजूच्या टरफलाच्या तेलाचे तपकिरी डाग होते, ते भाग कापून टाकले, कारण तिथेही रेझिन सरकतं.

वाळवायला न्हाणीची चूल. घरी पाणी तापवायला रोज सोडणं (नारळाची सालं) जळतातच. वरच्या माळ्यावर काथ्याच्या दोरीवर कापड टांगलं. दोन रात्री. जाळ लागायला नको म्हणून खाली जुना पत्रा आडवा घातला. तिसऱ्या दिवशी वजन स्थिर झालं की गरम असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधायचं आणि पिशवी फक्त साच्याजवळ उघडायची. थोडा धुरकट वास राहतो, पण रेझिनला त्याची तक्रार नाही.

४ जुलै

झालं एकदाचं. चार थर, वाळलेलं कापड ९०० ग्रॅम. पण रेझिन किती प्यायलं बघा: ३ किलो. काचेच्या मॅटला धाग्याच्या सव्वादोन पट रेझिन पुरतं, गोणपाटाला सव्वातीन पट लागलं. सुतळीच्या पोटात जातं, विणीच्या भोकांत साचतं. रोलरने दाबलं की बाजूला होतं आणि रोलर उचलला की परत वर येतं. झाकण ४ किलो १०० ग्रॅम, जाडी चार मिलिमीटरच्या वर.

"हलका नैसर्गिक धागा" म्हणतात. धागा हलका आहेच. काच पाण्याच्या अडीच पट जड, ताग दीड पटसुद्धा नाही. तरी झाकण काचेपेक्षा अर्ध्या किलोने जड झालं.

७ जुलै, रविवार, पाऊस. हिशेब.

हे पान दुसऱ्या कोणी काम करायला घेतलं तर आधी वाचावं. ऊर्जेचे आकडे युरोपातल्या अभ्यासांतले घेतलेत. काचेच्या मॅटला किलोमागे ५५ मेगाज्यूलच्या आसपास, कारण काच चौदाशे-पंधराशे अंशांवर वितळवावी लागते. जवसाच्या धाग्याच्या मॅटला १०च्या आत-बाहेर. ताग त्याच जातीचा, सालीचा धागा, म्हणून तोच आकडा लावला. पॉलिस्टर रेझिनला ६३ ते ७८, मी ७० धरले. जेलकोट दोन्हीकडे सारखा, म्हणून सोडला.

काचेचं झाकण: काच ५६, रेझिन १६३. बेरीज २१९.
गोणपाटाचं: ताग ९, रेझिन २१०. बेरीज २१९.

तीनदा बेरीज केली. धाग्यात जे वाचवलं ते सगळं जास्तीच्या रेझिनने खाल्लं, पैशापैशाने. आणि २७ जूनचा हीटर धरला तर? १२ युनिट म्हणजे ४३ मेगाज्यूल, पण कोळशाच्या वीजकेंद्रात साधारण तीन भाग उष्णतेतून एक भाग वीज निघते, म्हणजे जळलेले १३० धरा. झाकणातल्या सगळ्या काचेच्या दुपटीहून जास्त.

लोक किलोला किलो लावून तुलना करतात. पण होडीवर किलोभर धागा जात नाही, झाकण जातं.

दोन गोष्टी याच पानावर. एक, ताग बंगालमधून येतो, दोन हजार किलोमीटर. त्यावर फार ओरड असते. ट्रकने आला तरी किलोमागे दोन-चार मेगाज्यूल, मोठी बाब नाही. त्यापेक्षा कुजवणीचं बोला. तळ्यात ताग पंधरा-वीस दिवस कुजत घालतात, पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात, मिथेन निघतो. सोडणं कुजत घातलेल्या खाडीच्या काठी ज्याने लहानपण काढलंय त्याला तो वास सांगायला नको.

दुसरी: मोटारीच्या दाराच्या आतल्या पॅनलला नैसर्गिक धागा परवडतो, कारण गाडी हलकी झाली की आयुष्यभर इंधन वाचतं, आणि खरा फायदा तिथूनच येतो. माझं झाकण होडीवर बसून राहणार. पन्नास ग्रॅम कमी-जास्त झाले तर इंजिनाला कळणारही नाही.

१२ जुलै

ताकद. झाकण दोन ओंडक्यांवर आडवं, मधे ५० किलोचं सिमेंटचं पोतं. काच ९ मिलिमीटर वाकली, गोणपाट ७. जाडी कामाला आली. इथे गोणपाटाने मला चकित केलं, खरं सांगतो.

मग पाच किलोचं लोखंडी वजन एक मीटरवरून सोडलं. काचेवर पांढरी चांदणी उमटली, बाकी काही नाही. गोणपाटाला वीतभर लांब आरपार भेग. काच आपटण्याचा धक्का धाग्याधाग्याने पसरवते, गोणपाट एकदम तुटतं. होडीवर नांगर पडतो, क्रेट आपटतात. हे चालणार नाही.

काका तेवढ्यात बघायला आले होते. भेगेत बोट घातलं आणि म्हणाले, "रे, ह्या गोणपाट माज्या होडयेर कित्याक?" उत्तर नव्हतं.

१९ जुलै

कापलेल्या पट्ट्या २८ जूनपासून खाडीच्या पाण्याच्या बादलीत आहेत, म्हणजे २१ दिवस. गोणपाटाच्या पट्ट्या २७ जूनच्या फसलेल्या झाकणाच्याच, पण जिथे थर धरून होते त्या भागातल्या. काच: वजन जेमतेम एक टक्का वाढलं. गोणपाट, कापलेली कड उघडी: ११ टक्के, कडेला फुगून थर दिसायला लागले. गोणपाट, कडेला रेझिनचे दोन हात: ३ टक्के.

तेव्हा नियम: गोणपाटाची एकही कड, एकही भोक उघडं सोडायचं नाही. बोल्टचं भोक मोठं पाडायचं, रेझिनने भरायचं, मग त्यात योग्य मापाचं पाडायचं.

"नैसर्गिक आहे, म्हणजे शेवटी मातीत जाईल" असं समजणाऱ्यांसाठी: पॉलिस्टरमध्ये कोंडलेला ताग मातीत जात नाही. तो आतून सडतो आणि भोवतीचं प्लॅस्टिक तसंच राहतं. म्हणजे झाकण म्हणून निकामी, कचरा म्हणून ठणठणीत. पूर्व जर्मनीच्या ट्राबांट गाडीचं असंच झालं. अंग कापसाच्या टाकाऊ धाग्याचं आणि फिनॉल रेझिनचं. १९५७ ते १९९१ मध्ये तीस लाखांच्या वर गाड्या निघाल्या, आणि नंतर ती अंगं कुठे टाकायची हा प्रश्न उरला. कापूस होता ना आत!

काचेचं तरी काय वेगळं. फार तर सिमेंटच्या भट्टीत घालता येतं. युरोपात पवनचक्क्यांच्या पात्यांचं तसं करतात. माझ्या शेडमागच्या ढिगासाठी इकडे कोण येणार?

२६ जुलै

रेझिन कमी करायचं तर दाबायला हवं. जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर भंगारातून ८०० रुपयांना आणला, उलटा जोडला की हवा ओढतो. साच्यावर कापड, त्यावर रेझिन, वर सुटणारं नायलॉनचं कापड, मग जुन्या सुती साडीचे दोन पदर जास्तीचं रेझिन शोषायला, सगळ्यावर जाड पॉलिथिन, कडेने पुटी.

पॉलिथिनला कोपऱ्यांवर चुणी न ठेवता ताणून लावलं. हवा ओढायला लागली तसं ते वळलेल्या कडेत उतरेना, आणि पुटी सुटली. शूं शूं करत हवा आत. मी आणि पोरगा चारी बाजूंना अंगठे दाबत धावतोय. पंचविसाव्या मिनिटाला रेझिन जेली झालं. २ किलो ४०० ग्रॅम गेलं, चारशे रुपये, शिवाय कापड, जेलकोट आणि एक दिवस. साचा साफ करायला अजून अर्धा.

३१ जुलै

बदल केले ते असे. हार्डनर दोन टक्क्यांवरून एक टक्क्यावर, म्हणजे हाताशी पाऊण तास. (हार्डनर आणि कोबाल्ट, म्हणजे घट्ट होण्याला वेग देणारं रसायन, एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये, पूर्ण ढवळून, मग हार्डनर. पोरग्याला हे रोज म्हणायला लावतो.) पॉलिथिन दीडपट मोठं, प्रत्येक कोपऱ्यावर पुटीची उभी चुणी. आधी कोरडं ओढून दहा मिनिटं गळती तपासली. हवा ओढल्याच्या मीटरवर २० इंच (पाऱ्याचे) मिळाले. त्यापेक्षा जास्त ओढलं नाही, रेझिनमधलं स्टायरिन उकळायला लागतं.

पाच तास चालू ठेवलं. सकाळी उघडलं. ३ किलो १५० ग्रॅम! जाडी ३ मिलिमीटर. ५० किलोखाली वाकलं ९ मिलिमीटर, काचेइतकंच. रेझिन २ किलो ४०० ग्रॅम घेतलं, त्यातलं दोन किलो झाकणात, बाकी साडीत. साडीतलं रेझिनही माझ्याच खात्यावर, ते सोडून आकडा सांगणं ही चोरी.

ताग ९, रेझिन १६८, कॉम्प्रेसर पाऊण युनिट म्हणजे वीजकेंद्रातले ८, पॉलिथिन दोनशे ग्रॅम म्हणून १६. बेरीज २०१. काचेचं २१९. फरक अठराचा, दहावा हिस्साही नाही. आणि साडी दर वेळी कचऱ्यात. पॉलिथिन दुसऱ्यांदा वापरून बघितलं, तिसऱ्यांदा भोक पडलं.

एवढ्यासाठी दीड महिना आणि मोजले तर साडेतीन हजार रुपये.

१२ ऑगस्ट

आपटण्याचा उपाय केला. चारी कोपरे, कडेचा वळसा आणि मुठीखाली काचेच्या मॅटचे तुकडे, सव्वाशे ग्रॅम. ती काच आणि तिला लागणारं रेझिन त्या खात्यात टाका, म्हणजे फरक पुसला. लिहिताना हात जड झाला, पण लिहिलं.

होडीवर एक काचेचं आणि एक गोणपाटाचं बसवलं. काकांना गोणपाटाचं फुकट दिलं, अट एकच: त्यात भोक पाडायचं असेल तर मला बोलवायचं. नारळी पौर्णिमा १९ला आहे, त्याच्या आत काम उरकलं.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

होडी बघायला गेलो. काचेचं झाकण जसंच्या तसं. गोणपाटाचं झाकण उन्हाने जरा फिकं, उचलायला हलकं म्हणून काकांचा मुलगा तेच आधी उघडतो. पण बिजागरीजवळ नवीन भोक. नवा हुक लावायला कोणी तरी ड्रिल मारून मोकळा झालेला. भोकाभोवती दोन इंच काळी रेघ, बोटाने दाबलं तर मऊ. कोणी केलं ते विचारलं नाही, सणाचा दिवस.

झाकण घरी आणलं. मऊ भाग कापला, न्हाणीच्या माळ्यावर चार दिवस, मग काचेचा तुकडा आणि रेझिन. अर्धा दिवस गेला. काचेच्या झाकणाला तसं भोक पाडलं असतं तर काही झालं नसतं. ते दहा-बारा वर्षं सहज टिकेल. गोणपाटाचं पाच टिकलं आणि दुसरं करावं लागलं, तर ३१ जुलैची सगळी बेरीज दोनने गुणायची.

घासताना पोरगा म्हणाला, दादा, हेच करत जाऊ, अंगाला खाजत नाही. एवढी बाजू निर्विवाद गोणपाटाची. स्टायरिनचा वास मात्र दोन्हीकडे तोच, मास्क दोन्हीकडे लागतोच.

२२ डिसेंबर

७ जुलैच्या पानावरून डोळा हटत नाही. २१९ मधले १६३, नाहीतर २१० रेझिनचे. धाग्याची अदलाबदल करून मी लहान आकड्याशी खेळत होतो.

काजूच्या पोत्यांवरच्या ज्या तपकिरी डागांना जुलैत कापून फेकलं, त्याच तेलापासून कार्डानॉल काढतात आणि त्याचे एपॉक्सीचे (पॉलिस्टरहून वेगळ्या जातीचं रेझिन) हार्डनर बनतात, जहाजांच्या रंगात वापरतात. आजोबा लाकडी होडीला आणि घराच्या वाशांना हेच टरफलाचं तेल चोपडायचे. हाताची साल निघायची, पण वाळवी लागत नसे. तसला हार्डनर एक किलो मागवला. एपॉक्सी धरून किलोला साडेसहाशे पडले, पॉलिस्टरच्या चौपट. आणि काजूचा भाग फक्त हार्डनरमध्ये, एपॉक्सी खनिज तेलातूनच आलेलं, त्यामुळे उड्या मारण्यासारखं काही नाही.

पोत्याच्या दोन थरांच्या चार पट्ट्या केल्या. रंग गुळासारखा आला, रात्रीत घट्ट झाल्या, थर नखाने सुटत नाहीत. दोघींच्या कडा मुद्दाम उघड्या ठेवल्या, दोघींच्या बंद. वजनं पट्टीवरच खिळ्याने कोरली आणि चारही पट्ट्या तांब्याच्या तारेने जेटीच्या तिसऱ्या खांबाला, ओहोटीच्या रेषेखाली बांधल्या. कालवं बसायच्या आत, २१ दिवसांनी, काढायच्या आहेत.